गुडघ्यातलं फ्रॅक्चर आणि दुर्बिणीची नजर

अपघातानंतर टम्म सुजलेल्या गुडघ्यातून डॉक्टर सुईने रक्त काढतात. ते रक्त भांड्यात थोडा वेळ तसंच राहू दिलं, की कधी कधी त्यावर चरबीचे बारीक थेंब तरंगू लागतात. ही चरबी आलेली असते हाडाच्या आतल्या मज्जेतून. म्हणजे हाड सांध्याच्या आतच कुठंतरी मोडलं आहे. एक्स-रे वरवर चांगला दिसत असला, ‘मुका मार आहे, आठ दिवसांत उतरेल’ असं कुणी सांगितलं असलं, तरी हे थेंब दिसल्यावर सीटी स्कॅन किंवा एमआरआय टाळून चालत नाही.

हाड मधोमध मोडलं आणि जुळताना थोडं इकडेतिकडे झालं, तर शरीर ते चालवून घेतं. सांध्याच्या आत ती सवलत फार थोडी. तिथे हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तपुरवठा नसल्यामुळे तो एकदा फाटला की पूर्वीसारखा भरून येत नाही. गुडघ्यात सर्वांत जास्त सोसावं लागतं ते नडगीच्या हाडाच्या वरच्या सपाट टोकाला, ज्याला डॉक्टर ‘टिबियल प्लॅटो’ म्हणतात. एकूण फ्रॅक्चरमध्ये याचा वाटा साधारण एक टक्का धरला जातो. उतारवयात तो बराच वाढतो. मांडीच्या हाडाचं गोलसर टोक वरून आदळतं आणि सपाट भागाची, बहुधा बाहेरच्या बाजूची, कड उभी चिरते किंवा खाली दबते. पुष्कळदा दोन्ही होतं. १९२९ साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी या मोडीला मोटारीच्या मडगार्डचं नाव दिलं होतं, कारण पादचाऱ्याच्या गुडघ्याला मोटारीचा पुढचा भाग नेमका त्याच उंचीवर धडकत असे.

भारतात मडगार्डची जागा दुचाकीने घेतली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांमध्ये दुचाकीस्वार ४४.५ टक्के होते. हेल्मेटमुळे डोकं वाचतं; गुडघा मात्र उघडाच राहतो, आणि गाडी घसरली की बहुतेकदा तोच आधी जमिनीला लागतो.

मग प्रश्न असा, की सांध्यातलं हे मोडलेलं हाड जुळवताना दुर्बीण, म्हणजे आर्थ्रोस्कोप, वापरावी का? वापरावी तर कुठल्या रुग्णात? गेली चाळीस वर्षं या प्रश्नावर शल्यविशारदांमध्ये मतमतांतरं आहेत आणि आज हाताशी असलेलं उत्तर सरसकट ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही.

दुर्बिणीची गोष्ट सुरू होते ती जपानमध्ये. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांना फ्रॅक्चरची चिंता नव्हती, क्षयरोगाची होती. क्षयाने आखडलेला गुडघा जपानी माणसाला घरात जमिनीवर बसू देत नसे, आणि तिथल्या समाजात हे मोठंच अपंगत्व होतं. पंगतीत मांडी घालणाऱ्या, शेतात उकिडवं बसून खुरपणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ‘क्रमांक २१’ ही खऱ्या अर्थाने उपयोगी दुर्बीण तयार केली आणि ४ मे १९६२ रोजी तिच्या साहाय्याने गुडघ्यातल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, फाटका तुकडा काढला. टोरांटोचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोत जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांच्यामार्फत ती उत्तर अमेरिकेत पोहोचली. १९८५ मध्ये दोन वेगवेगळ्या अमेरिकी लेखांतून नडगीच्या वरच्या टोकाच्या फ्रॅक्चरसाठी दुर्बीण वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. तिथून हा विषय खऱ्या अर्थाने रुळला.

त्याआधी दोनच मार्ग होते. एक म्हणजे सांधा मोठ्या चिरेने उघडायचा, गादीची हाडाला असलेली जोड कापून ती वर उचलायची, खाली दबलेला पृष्ठभाग डोळ्यांनी पाहायचा आणि काम झालं की सगळं पुन्हा शिवायचं. यात दिसतं चांगलं, पण सांध्याभोवतीच्या मऊ भागाला बरीच इजा होते आणि नंतर गुडघा आखडण्याची भीती राहते. दुसरा मार्ग सांधा न उघडता फक्त सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत हाड बसवण्याचा. पण सी-आर्म दाखवतो ती सावली. त्या सावलीत कूर्चा दिसत नाही, गादी दिसत नाही आणि दोन मिलीमीटरची पायरी राहून गेली तरी ती सहज निसटते.

दुर्बिणीने होणारी शस्त्रक्रिया एकदा जवळून पाहिली की तिचं बलस्थान कळतं. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना सेंटीमीटरहून लहान दोन छिद्रं. एकातून चार मिलीमीटर जाडीची दुर्बीण आत जाते. तिचं टोक तीस अंशांनी तिरकं असल्यामुळे ती फिरवली की कोपरेही दिसतात. सुरुवातीला पडद्यावर नुसता लाल गढूळपणा असतो. सलाईन सोडून रक्ताच्या गुठळ्या आणि सुटे कण धुऊन काढायलाच बराच वेळ जातो. हळूहळू पाणी निवळतं आणि पांढऱ्या कूर्चेत पडलेला खड्डा दिसू लागतो. दुसऱ्या छिद्रातून घातलेल्या आकडीने सर्जन गादीची कड उचलून खालचं पाहतो. मग लिगामेंटच्या शस्त्रक्रियेत वापरतात तोच कोनमापक गाइड आत घेऊन त्याचं टोक बरोबर खड्ड्याच्या मध्यावर टेकवायचं आणि बाहेरून, नडगीच्या हाडातून, एक तार नेमकी तिथपर्यंत न्यायची. त्या तारेच्या वाटेने हाडाला छोटी खिडकी पाडतात आणि बोथट ठोकणीने दबलेला तुकडा खालून वर ढकलतात. एक हलका ठोका, पडद्यावर नजर, पुन्हा एक ठोका. आजूबाजूच्या कूर्चेशी पातळी जुळली की थांबायचं. जास्त वर गेलेला तुकडाही सांध्याला तेवढाच जाचतो. खाली उरलेली पोकळी कमरेच्या हाडातून घेतलेल्या कलमाने किंवा कृत्रिम हाडाने भरतात आणि कूर्चेच्या लगत खालून आडवे स्क्रू घालून तुकड्याला आधार देतात. चीर मोठी असेल तर बाजूने प्लेट लागते. सी-आर्म या सगळ्यात शेजारी असतोच. दुर्बिणीने त्याची गरज संपत नाही.

पण हाड वर उचलणं हे निम्मंच काम. दुर्बिणीची मोठी देणगी म्हणजे हाडाशिवाय आत आणखी काय मोडलं-फाटलं आहे ते ती दाखवते. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेची गरज असलेल्या १०३ रुग्णांचे एमआरआय तपासले. त्यांत मऊ भागाला कसलीच इजा नाही असा रुग्ण एकच निघाला. ९१ टक्के जणांच्या बाहेरच्या गादीत बिघाड होता, आणि ७७ टक्के जणांचं किमान एक मोठं लिगामेंट पूर्ण तुटलेलं किंवा हाडाच्या तुकड्यासह उपटलेलं होतं. एमआरआयवर दिसणारी प्रत्येक इजा शिवावी लागते असं नाही, हे खरं. तरीही चिरेत अडकून बसलेली गादी कुणाच्या ध्यानात आली नाही, तर हाड सुरेख जुळूनही गुडघा अडखळतच राहतो. अशा वेळी त्याच छिद्रांतून गादी सोडवून टाके घालता येतात.

मुलांच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसतं. आठ ते चौदा वर्षांची मुलं सायकलवरून पडली की एसीएल हे समोरचं लिगामेंट तुटण्याऐवजी ते जिथे चिकटतं त्या हाडाचा कपचाच उचलून येतो. १९५९ साली मेयर्स आणि मॅकीव्हर यांनी त्याचे जे प्रकार पाडले ते आजही वापरात आहेत. कपचा जेमतेम हलला असेल तर प्लास्टर पुरतं. तो पुढून उचललेला किंवा पूर्ण सुटलेला असेल, तर पाय सरळ करून तो जागेवर बसेल अशी आशा धरली जाते, आणि कितीतरी वेळा तो बसत नाही. का बसत नाही, याचं उत्तर बॉस्टनच्या कोकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलं. प्लास्टरने न बसलेल्या ८० मुलांच्या गुडघ्यांत दुर्बिणीने पाहिलं तेव्हा ४३ जणांमध्ये गादी किंवा दोन गाद्यांना जोडणारा पट्टा कपच्याखाली अडकलेला सापडला. बाहेरून कितीही दाबलं तरी हे सुटणारं नव्हतं. आज अशा मुलांत दुर्बिणीनेच अडथळा बाजूला करून मजबूत धाग्याने किंवा छोट्या स्क्रूने कपचा बांधतात. वाढीच्या रेषेतून स्क्रू जाऊ नये म्हणून धाग्याकडे ओढा अधिक असतो. या दुखापतीत दुर्बीण हीच पहिली पसंती असावी, याबद्दल फारसं दुमत उरलेलं नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा फार दिवस बांधून ठेवला तर तो आखडतो. म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत हालचाल सुरू करण्यावर भर असतो.

मागच्या लिगामेंटचं, म्हणजे पीसीएलचं, गणित वेगळं. गाडी घसरून वाकलेला गुडघा पुढून जमिनीवर आपटला की नडगी मागे ढकलली जाते आणि पीसीएल मागच्या हाडाचा तुकडा घेऊन सुटतं. दुचाकींचा देश असल्यामुळे आपल्याकडे ही दुखापत खूप दिसते. बाहेरच्या देशांतल्या पाठ्यपुस्तकांत तिला जितकी जागा असते त्यापेक्षा इथल्या अपघात विभागांत ती जास्त भेटते. रुग्णाला पालथं झोपवून मागच्या लहान चिरेतून एक-दोन स्क्रूंनी तुकडा बसवणं हा जुना, सरळ आणि भरवशाचा मार्ग आहे. दुर्बिणीनेही हे होतं, पण त्यासाठी मागच्या बाजूला वेगळी छिद्रं लागतात, पायाची मुख्य रक्तवाहिनी अगदी लगत असते आणि हात मुरलेला हवा. दोन्ही पद्धतींचे निकाल जवळजवळ सारखे आहेत. दुर्बिणीनंतर गुडघा आखडण्याच्या तक्रारी काही पाहण्यांत जास्तच आढळल्या. तुकडा मोठा आणि एकसंध असेल तर उघडी शस्त्रक्रिया म्हणजे मागासलेपणा, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

दुर्बिणीने कुठे थांबायचं, हेही अनुभवाने शिकवलं. टोरांटोच्या जोसेफ शॅट्झकर यांनी १९७९ मध्ये नडगीच्या वरच्या टोकाच्या फ्रॅक्चरचे सहा प्रकार मांडले. पहिले तीन बाहेरच्या बाजूचे: चिरलेलं, चिरून दबलेलं आणि नुसतं दबलेलं. दुर्बिणीचं क्षेत्र मुख्यतः हेच. पाचव्या प्रकारात दोन्ही बाजू फुटतात आणि सहाव्यात वरचं टोक खालच्या दांड्यापासून तुटतं. ही वेगाच्या अपघातांची देणगी. तिथे सांध्याचं आवरण फाटलेलं असतं आणि दुर्बिणीसोबत सोडलेलं पाणी त्यातून पोटरीत झिरपतं. स्नायूंच्या बंद कप्प्यातला दाब वाढला की रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत कप्पा कापून मोकळा केला नाही तर पाय गमावण्याची वेळ येते. १९९७ साली अशी घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. तेव्हापासून पंपाचा दाब कमी ठेवणं, पाणी नुसत्या उंचीवरून सोडणं, मधूनमधून पोटरी हाताने चाचपणं आणि काही ठिकाणी पाण्याशिवायच पाहणं ही काळजी नेहमीची झाली. ती घेतल्यावर हा धोका फार कमी राहतो. तरी अशा मोडलेल्या पायाला आधी बाहेरून फ्रेम लावून स्थिर करायचं, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसू लागेपर्यंत थांबायचं आणि मग प्लेटा बसवायच्या, हाच शहाणपणाचा क्रम आहे.

मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात दबलेला तुकडाही दुर्बिणीला नीट दिसत नाही, कारण गादी आडवी येते. शांघायच्या लुओ यांनी २०१० मध्ये सीटी स्कॅनच्या आधारे नडगीच्या टोकाचे तीन स्तंभ कल्पून मागच्या स्तंभाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. आता सीटी न पाहता या शस्त्रक्रियेचा बेत आखणं म्हणजे अंधारात काम करणं आहे.

आता कसोटीचा मुद्दा. दुर्बीण वापरलेले गुडघे दहा-पंधरा वर्षांनी खरंच जास्त चांगले चालतात का? इथे पुरावा तोकडा आहे. या फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियांचा कोक्रेन संस्थेने २०१५ मध्ये घेतलेला आढावा फक्त सहा चाचण्या आणि ४२९ रुग्णांवर उभा होता, आणि कुठली पद्धत सरस हे सांगण्याइतकं बळ त्यात नव्हतं. दुर्बिणीची बाजू घेणारे बरेचसे लेख एकेका रुग्णालयातल्या, तुलनेने सोप्या फ्रॅक्चरच्या रुग्णांवर आधारलेले आहेत. सोपी फ्रॅक्चर कुठल्याही पद्धतीने बरी होतात. जखम लहान, दुखणं कमी, गादीची इजा लवकर सापडते, एवढं ठामपणे म्हणता येतं. संधिवात टळतो, असं म्हणता येत नाही.

शिवाय पृष्ठभागावरची एक-दोन मिलीमीटरची पायरी हा सगळा निकाल नसतो. रॅसमुसेन यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं, की खड्डा किती खोल यापेक्षा गुडघा बाजूला लचकतो का, हे शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना जास्त मोलाचं आहे. पायाची रेष सरळ राहिली आणि सांधा स्थिर असला, तर थोडी पायरी असलेला गुडघाही वर्षानुवर्षं चालतो. रेष वाकडी राहिली तर पडद्यावर आरशासारखा दिसलेला पृष्ठभागही झिजतो. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात शस्त्रक्रिया झालेल्या ८,४२६ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. त्यांपैकी ७.३ टक्के जणांवर दहा वर्षांत गुडघा बदलण्याची वेळ आली. तशाच वयाच्या इतर लोकांमध्ये हे प्रमाण १.८ टक्के होतं. प्रमाण चौपट, हे खरं. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की नव्वदहून अधिक टक्के लोकांना दहा वर्षं स्वतःच्याच गुडघ्यावर काढता आली.

दोन खेळाडूंची उदाहरणं यासाठी बोलकी आहेत. अमेरिकी फुटबॉलपटू जे. जे. वॉट यांचं नडगीचं हे टोक ऑक्टोबर २०१७ मध्ये सामन्यात मोडलं. पुढच्याच हंगामात ते सगळे सोळा सामने खेळले आणि देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंमध्ये गणले गेले. स्कीइंगपटू लिंडसे व्हॉन फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रियात पडल्या तेव्हा हाडाबरोबर त्यांची दोन लिगामेंटंही गेली. त्या परतल्या, जिंकल्या, पुन्हा जायबंदी झाल्या आणि २०२४ मध्ये त्याच उजव्या गुडघ्याचा काही भाग त्यांना बदलून घ्यावा लागला. गुडघ्याचं भवितव्य हाडापेक्षा त्याच्या भोवतालावर जास्त ठरतं, हे यातून दिसतं.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. ‘दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा काही फायदा नसतो’ असं वाचकांच्या कानावर आलेलं असू शकतं, आणि एका अर्थाने ते बरोबरही आहे. २००२ मध्ये ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीने केलेली सफाई आणि नुसती कातडीला दिलेली चीर यांचा परिणाम सारखाच निघाला. २०१३ मध्ये फिनलंडच्या १४६ रुग्णांच्या चाचणीने झिजेमुळे फाटलेल्या गादीबद्दल तोच निष्कर्ष काढला आणि २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अशा रुग्णांत दुर्बीण वापरू नये अशी ठाम शिफारस केली. पण हे सगळं वयाप्रमाणे झिजलेल्या गुडघ्यांबद्दल आहे. काल अपघातात मोडलेल्या हाडाला ते लागू होत नाही. तसंच उलट बाजूनेही: फ्रॅक्चरमधला दुर्बिणीचा उपयोग दाखवून साठीतल्या झिजेच्या रुग्णाला टेबलावर घेणं समर्थनीय ठरत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात दोन गोष्टी स्पष्टपणे म्हणायला हव्यात. एक, मुंबई-पुण्यात दुर्बीण आणि ती चालवणारे हात मुबलक आहेत. तालुक्याच्या गावी सी-आर्म असला तरी पुष्कळ झालं. तिथल्या रुग्णाला केवळ दुर्बिणीसाठी सुजलेला पाय घेऊन लांब पाठवणं प्रत्येक वेळी गरजेचं नसतं; मुलांमधला सुटलेला कपचा किंवा अडकलेल्या गादीची शंका असेल तर मात्र पाठवावं, आणि वेळेत पाठवावं. दोन, आपल्याकडे यशाची मोजपट्टी वेगळी हवी. परदेशी गुणपत्रिकेत ११० अंश वाकणारा गुडघा चांगला ठरतो. उकिडवं बसून भात लावणाऱ्या बाईला, जमिनीवर बसून सोनं घडवणाऱ्या कारागिराला तेवढ्याने भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा आठवडे त्या पायावर पूर्ण भार टाकता येत नाही. त्या काळात गुडघा वाकवण्याचे व्यायाम रोज झाले नाहीत, तर दुर्बिणीने वाचवलेलं सगळं आखडण्यात जातं. फिजिओथेरपिस्टकडे जाणं हा ऐच्छिक खर्च नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

म्हणून घरातल्या कुणाचा गुडघा असा मोडला, तर ‘दुर्बीण आहे का?’ हा पहिला प्रश्न नसावा. सीटी स्कॅन झाला का, लिगामेंट आणि गादी तपासली का, पाय सरळ रेषेत येईल का, सूज उतरेपर्यंत थांबायचं आहे का, आणि गुडघा वाकवायला कधी सुरुवात करायची, हे आधी डॉक्टरांना विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया आणि स्क्रू-प्लेटांचा खर्च बसतो का, याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होतानाच करा. आणि घरी परतल्यावर पोटरी दगडासारखी कडक झाली, पायाची बोटं हलवताना असह्य कळ आली किंवा त्यांना बधिरपणा आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.